वाङ्मय-तप आणि आजचा गृहस्थ

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन भेद सांगितले आहेत : शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. तप हा शब्द उच्चारला की सामान्य प्रापंचिकाच्या डोळ्यांपुढे अरण्य, उपवास, पंचाग्नी अशा गोष्टी उभ्या राहतात, आणि हे आपले क्षेत्र नव्हे असे समजून तो दूर होतो. परंतु या तिहींमधील मधले तप असे आहे की, ते घरात बसून, प्रपंच न सोडता, एक पैसाही न खर्चिता करता येते. आणि बहुधा म्हणूनच ते सर्वांत कमी केले जाते. त्याचे लक्षण पंधराव्या श्लोकात आहे. ऐकणाऱ्याच्या चित्तात क्षोभ उत्पन्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे, त्याचप्रमाणे स्वाध्यायाचा अभ्यास, यांस वाणीचे तप म्हणावे. श्रीशंकराचार्यांनी येथे भाष्यात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली आहे. ही चार विशेषणे वेगवेगळी घ्यावयाची नाहीत. वाक्य सत्य आहे पण क्षोभ उत्पन्न करते, किंवा प्रिय आहे पण असत्य आहे, किंवा सत्य आणि प्रिय असूनही ऐकणाऱ्याच्या हिताचे नाही, तर ते तप होत नाही. चारही एकत्र हवीत.

हे लक्षण मनात ठेवून आजच्या घराकडे पाहावे. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की कोकणातील एखादे खेडे असो, पहाटे देवापुढे दिवा लागण्यापूर्वी हातात मोबाइल आलेला असतो. रात्रभरात आलेले निरोप वाचले जातात. त्यांत कोणाचा सुप्रभात असतो, कोणाचे औषध असते, कोणाची निंदा असते, एखाद्या नटाच्या नव्या चित्रपटावरचे भांडण असते, एखाद्या नव्या यंत्राने जग कसे बुडणार याची वार्ता असते. वाचणारा वाचतो आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुढे पाठवितो. मुखातून एक अक्षरही निघत नाही, आणि क्षणात शंभर माणसांच्या कानी ती गोष्ट गेलेली असते. ही वाणीच होय. जिभेचा संबंध नसला म्हणून ती वाणी नव्हे असे म्हणता येणार नाही. पत्र लिहिणारा आपल्या लेखाला जसा बांधलेला असतो तसाच हाही.

येथे गृहस्थाचा एक आक्षेप हमखास येतो. तो म्हणतो, “हे माझे बोलणे नव्हे. आले तसे पुढे पाठविले, इतकेच.” हा आक्षेप वरवर निरुपद्रवी दिसतो, पण आजच्या काळातील वाणीचे बहुतेक दोष याच एका वाक्याच्या आश्रयाने राहतात, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. पतंजलींनी योगसूत्राच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे वर्गीकरण करताना स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि ज्याला अनुमोदन दिले ते, असे तीन प्रकार मानले आहेत. लोभ, क्रोध आणि मोह ही त्यांची कारणे. आणि तीव्रतेनुसार सौम्य, मध्यम व अतितीव्र असे त्यांचे आणखी भेद. करविणारा व अनुमोदन देणारा यांना पतंजली दोषातून वगळत नाहीत. निरोप पुढे पाठविणारा मनुष्य कर्ता नसेल, पण अनुमोदक तर निश्चित आहे, आणि पुष्कळदा करविणाराही तोच असतो. त्याच्या मनात द्वेष नसेल, मोह असतो. मोहाने केलेले ते निर्दोष, असे योगसूत्र म्हणत नाही.

हा केवळ ग्रंथातील सूक्ष्म विचार नव्हे. १ जुलै २०१८ हा दिवस ज्यांना आठवतो त्यांना याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. तो रविवार होता, आठवड्याचा बाजार भरला होता. तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली. हा भिक्षेवर उपजीविका करणारा भटका समाज. आलेली माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातली. मुले पळविणाऱ्यांची टोळी फिरत आहे अशी वार्ता त्या भागात व्हॉट्सॲपवरून अनेक दिवस पसरत होती. जमावाने त्या पाचांना धरले, मारले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून तेथेही मारले. पाचही जण मरण पावले. त्यांच्यापैकी कोणीही कोणाचे मूल पळविले नव्हते.

या घटनेचा विचार करताना धर्मनिष्ठ गृहस्थाने एका गोष्टीवर थोडा वेळ थांबावे. मारले गेले ते भिक्षेकरी होते. पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ सांगितला आहे, म्हणजे दाराशी आलेल्याला अन्न देणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच खातात, असा कठोर निर्णय दिलेला आहे. ज्या संस्कृतीत भगवे वस्त्र आणि झोळी पाहून घरातील स्त्री पसाभर धान्य घेऊन उंबऱ्यापर्यंत येत असे, त्याच संस्कृतीत झोळी पाहून दगड उचलला गेला. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली असे परंपरा ज्या मंगळवेढ्याविषयी सांगते, त्याच मंगळवेढ्याच्या परिसरातून ही माणसे भिक्षेसाठी निघाली होती. त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची दृष्टी एकाएकी कशी पालटली? त्या गावात ती माणसे येण्यापूर्वीच त्यांच्याविषयीचा निरोप येऊन पोचला होता. तो निरोप अनेकांनी पुढे पाठविला होता. त्यांत द्वेषी किती होते हे देव जाणे, पण आपल्या मुलांच्या काळजीने पाठविणारे भोळे आईबापही पुष्कळ असणार. वाणीतील दोष दुष्टांच्याच हातून घडतो असे मानणे ही मोठी चूक आहे.

राईनपाडा हे एकटेही नाही. मे २०१७ मध्ये झारखंडात, जून २०१८ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात, जुलै २०१८ मध्ये कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात अशाच वार्तांनी निरपराध माणसांचे प्राण घेतले. प्रांत निराळे, भाषा निराळ्या, निरोप एकच.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत फार बोधप्रद आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत असे. ती चित्रफीत खोटी होती काय? नव्हती, आणि होतीही. ती मूळची कराचीमधील. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तेथील एका संस्थेने ती मुद्दाम तयार करविली होती. मूळ फितीच्या शेवटी तेच मोटारसायकलस्वार परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. उरलेला भाग भारतभर फिरला. पाहणारा म्हणे, “मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.” आणि त्याने खरोखरच पाहिले होते.

अर्धा भाग ऐकविण्याचा हा प्रकार महाभारताच्या वाचकाला नवा नाही. द्रोणपर्वात भीमसेनाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी ठोकली. येथे द्रोणाचार्यांचे वर्तन लक्षात घेण्यासारखे आहे. पुत्राच्या मृत्यूची वार्ता, तीही रणांगणात. तरी त्यांनी ऐकताक्षणी विश्वास ठेवला नाही. जो त्रैलोक्याच्या राज्यासाठीही असत्य बोलणार नाही अशा युधिष्ठिरालाच त्यांनी विचारले. म्हणजे द्रोणांनी आपले कर्तव्य केले होते. दोष पडला तो युधिष्ठिराच्या उत्तरात. त्याने वार्ता मोठ्याने सांगितली आणि हत्ती हा शब्द अस्पष्ट उच्चारला. (त्या वेळी शंख वाजल्यामुळे तो शब्द ऐकू गेला नाही, अशी कथा कीर्तनांतून सांगतात, महाभारतात मात्र त्याने तो शब्द स्वतःच अस्पष्ट उच्चारल्याचे आहे.) तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, आणि पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला नरकाचे दर्शन घडले ते याच कारणाने. युधिष्ठिराचे वाक्य अक्षरशः घेतले तर असत्य नव्हते. सत्याचा एक तुकडा मोठ्याने बोलला गेला आणि एक दबला गेला, इतकेच घडले. तरीही धर्मराजाला ते सुटले नाही. कराचीच्या फितीचा शेवट कापणाऱ्याला आणि ती तशीच पुढे धाडणाऱ्याला कसे सुटेल?

अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचेही तीन प्रकार सांगितले आहेत, आणि तामस ज्ञानाचे लक्षण बाविसाव्या श्लोकात दिले आहे. जे एकाच कार्याला चिकटून तेच सर्वस्व मानते, ज्याला युक्तीचा आधार नसतो, जे तत्त्वार्थाला सोडून असते आणि क्षुद्र असते, ते तामस. टीकाकार याचे उदाहरण देताना देह किंवा मूर्ती एवढाच आत्मा किंवा ईश्वर मानणारा मनुष्य घेतात. आजच्या वाचकाला आणखी जवळचे उदाहरण घेता येईल. तीस सेकंदांच्या तुकड्यावरून जो एखाद्या समाजाचा, एखाद्या पुरुषाचा, एखाद्या ग्रंथाचा संपूर्ण निर्णय करतो, त्याचे ज्ञान या लक्षणात तंतोतंत बसते. त्याला माहिती पुष्कळ असते. तरीही गीता त्याला तामस म्हणते.

मग विश्वास कोणावर ठेवावा? न्यायशास्त्राने प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानले खरे, परंतु ते प्रत्यक्ष व्यभिचाररहित असावे अशी अट घातली. मृगजळ डोळ्यांनीच दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या शरीरावर यंत्राच्या साहाय्याने बसविलेली चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती खरीच वाटली. तेव्हा डोळ्यांवर आलेले सर्व प्रत्यक्ष नव्हे. शब्दप्रमाणाविषयी न्यायसूत्र म्हणते की, आप्ताचा उपदेश तो प्रमाण. आणि भाष्यकार वात्स्यायन आप्त कोण हे सांगतात. ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते जे म्हणतात ते आजच्या कलहात विशेष लक्षात ठेवावे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान लागू आहे. म्हणजे बोलणारा आपल्या पक्षाचा की परक्या पक्षाचा, याचा आप्तत्वाशी संबंध नाही. त्याने पाहिले आहे काय आणि तो जसेच्या तसे सांगतो आहे काय, एवढेच पाहावयाचे. व्हॉट्सॲपवरच्या निरोपात ‘एका मित्राच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितले’ असे लिहिलेले असते. येथे पाहणारा कोण, सांगणारा कोण, हेच ठाऊक नसते. आप्तच नाही, तर प्रमाण कोठून येणार?

गीतेच्या आरंभीच या बाबतीत एक आदर्श उभा आहे. संजय. पुष्कळ लोक समजतात की संजय हस्तिनापुरात बसून युद्ध चालू असतानाच धृतराष्ट्राला सांगत होता, आणि अलीकडे त्याला दूरचित्रवाणीची उपमाही देतात. भीष्मपर्व पाहिले तर क्रम निराळा आढळतो. भीष्म पडल्यावर, दहाव्या दिवशी, संजय रणभूमीवरून येतो, प्रथम ती दारुण वार्ता सांगतो, आणि धृतराष्ट्राने विचारल्यावर आरंभापासून सर्व कथन करतो. गीता त्या कथनात येते. व्यासांच्या कृपेने त्याला दिव्य दृष्टी होती. पण ऐकणारा राजा त्याचा अन्नदाता होता आणि वार्ता त्या राजाच्या पुत्रांच्या पराभवाची होती. त्याने एक अक्षर फिरविले नाही. अर्जुनाचे शौर्य त्याने कमी केले नाही, दुर्योधनाचे दोष झाकले नाहीत. अप्रिय ते हितासाठी सांगितले.

यंत्राच्या बाजूने काय झाले हेही पाहू गेल्यास उद्बोधक आहे. जुलै २०१८ मध्ये भारतात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली. पुढे आलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे केले, आणि त्यामुळे अशा निरोपांत सत्तर टक्के घट झाल्याचे त्या कंपनीने सांगितले. या आकड्याकडे जरा विचाराने पाहावे. लोकांची बुद्धी पालटली नव्हती, वृत्ती पालटली नव्हती. अंगठ्याला थोडे अधिक श्रम पडू लागले, एवढ्यानेच इतकी घट झाली. म्हणजे जे एवढ्या निकडीने पाठविले जात होते ते पाठविणाऱ्यालाही दोन-तीन वेळा अंगठा हलविण्याइतके मोलाचे वाटत नव्हते!

अशी मर्यादा यंत्राने घालावी लागली, ती गृहस्थाने स्वतः घातली असती तर तिला दम म्हणाले असते. शिवाय यंत्राची मर्यादा अपुरीही पडते. १६ एप्रिल २०२० ची रात्र त्याची साक्ष आहे. त्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने ठार मारले. साधू आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. एकाचे वय सत्तर वर्षांचे होते. चोर आणि मुले पळविणारे फिरत आहेत अशा वार्ता त्या भागात काही दिवस पसरत होत्या. नंतर या हत्येविषयीही खोट्या वार्ता उठल्या, आणि मारणारे दुसऱ्या धर्माचे होते असे ठिकठिकाणी सांगितले गेले; राज्य शासनाला अटक झालेल्यांची नावे प्रसिद्ध करून त्या वार्तेचे खंडन करावे लागले. एका असत्याने साधूंचे प्राण घेतले आणि दुसरे असत्य त्यांच्या चितेवर पेटविले गेले.

आणि हीच ती रात्र, ज्या रात्री देशात रामायण पाहिले जात होते. १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी स्नान करून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून लोक समोर बसत असत. टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून, ती पुन्हा दाखविण्यात आली. १६ एप्रिल रोजी ती ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिली आणि हा जागतिक उच्चांक आहे, असे दूरदर्शनने जाहीर केले. मालिका पाहणे वाईट असे कोणी म्हणणार नाही. श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली पायरी, आणि ज्या घरात पोथी उरली नाही तेथे या मालिकेने रामनाम नेले हे मान्य करावे लागेल. पण तो उच्चांकाचा निरोप कोट्यवधी भाविकांनी अभिमानाने पुढे पाठविला, आणि पुढे काही पत्रकारांनी दाखविले की अमेरिकेत १९८३ मध्ये ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग सुमारे १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. रामाच्या कथेला उच्चांकाची गरज काय होती? असत्याचा किंवा अर्धसत्याचा आधार घेऊन रामाचा मोठेपणा सांगणे हा रामाचाच अवमान आहे; सत्यासाठी जो वनात गेला त्याची ही सेवा नव्हे.

मनोरंजन आणि धर्म यांची गाठ पडते तेथे भांडण ठरलेलेच. १६ जून २०२३ रोजी ‘आदिपुरुष’ हा रामकथेवरचा चित्रपट आला. प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन हनुमंतासाठी मोकळे ठेवावे अशी घोषणा निर्मात्यांनी केली होती. परंतु त्याच हनुमंताच्या मुखी जे संवाद घातले होते ते ऐकून लोक संतापले. संताप अकारण होता असे म्हणता येत नाही. किष्किंधाकांडाच्या तिसऱ्या सर्गात हनुमंताचे पहिलेच भाषण ऐकून श्रीराम लक्ष्मणाजवळ त्याची प्रशंसा करतात : याने वेदांचे अध्ययन केले असले पाहिजे, व्याकरण पुष्कळ वेळा ऐकले असले पाहिजे, इतके बोलूनही एक अपशब्द निघाला नाही, बोलताना मुखावर वा भुवईत कोणताही दोष दिसला नाही. वाङ्मय-तपाची मूर्ती पाहावयाची तर ती हनुमंतात पाहावी. त्याच्या मुखी रस्त्यावरची भाषा देणे म्हणजे त्याचे आसन राखून त्याची वाणी काढून घेणे होय. निर्मात्यांना काही दिवसांतच संवाद बदलावे लागले, आणि जुलैमध्ये संवादलेखकाने हात जोडून क्षमा मागितली.

पण कथा येथे संपत नाही. मधल्या काळात त्या लेखकाला पोलिस संरक्षण द्यावे लागले. हनुमंताच्या तोंडी असभ्य शब्द घातले म्हणून रागावलेल्या अनेकांनी इंटरनेटवर जे शब्द लिहिले ते त्या चित्रपटातील शब्दांहून शतपटींनी असभ्य होते, आणि ते रामनामाच्या चित्राखाली लिहिलेले होते. दुसऱ्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकावरील भाष्यात आचार्य म्हणतात की, क्रोधाने मूढ झालेला मनुष्य आपल्या गुरूचीही निर्भर्त्सना करतो. असभ्यतेचा निषेध असभ्यतेने केला, तर जिंकली कोण? असभ्यताच.

त्याच वर्षी २१ जुलै रोजी ‘ओपेनहायमर’ हा चित्रपट आला. अणुबाँब तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचा हा प्रमुख बर्कले येथे आर्थर रायडर या पंडिताजवळ संस्कृत शिकला होता आणि गीता मुळातून वाचत होता. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला. त्या प्रसंगी अकराव्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक मनात आल्याचे त्याने पुढे दूरचित्रवाणीवर सांगितले. चित्रपटातील एका शृंगाराच्या प्रसंगी तो ग्रंथ दाखविला म्हणून भारतात मोठा क्षोभ झाला. तो प्रसंग अनुचित होता हे खरेच. परंतु ज्यांनी त्या दिवसांत शेकडो निरोप पाठविले त्यांच्यापैकी किती जणांनी अकरावा अध्याय उघडला? उघडला असता तर एक गोष्ट ध्यानात आली असती. इंग्रजीत त्या शास्त्रज्ञाने जेथे मृत्यू असा शब्द योजला तेथे मुळात काल हा शब्द आहे. मृत्यू ही एक घटना. काल तो, ज्यात घडणे आणि मोडणे दोन्ही सामावते. आणि पुढच्याच श्लोकात भगवंत अर्जुनाला निमित्तमात्र होण्यास सांगतात. विनाशाची शक्ती मनुष्याच्या हाती आली या भयाने दिपलेला शास्त्रज्ञ पहिल्या शब्दापाशी थांबला. त्यापुढे वाचण्याचे काम ज्यांचे होते ते पडद्यावरच्या प्रसंगापाशी थांबले. गीतेचा अवमान दोन्हीकडून झाला, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर देणे कठीण आहे.

इतका वेळ मनुष्य या भांडणांत कसा गुंततो, याचे एक कारण यंत्राच्या रचनेतही आहे. पूर्वी ग्रंथाला पृष्ठे होती, पृष्ठ संपले की क्षणभर हात थांबे. २००६ मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने, खाली ओढीत गेले की मजकूर आपोआप येतच राहील, तळ कधी लागणारच नाही, अशी युक्ती काढली. पुढे त्याने स्वतःच त्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. विषयांच्या चिंतनापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, त्यापासून स्मृतिभ्रंश आणि अंती बुद्धिनाश, ही जी साखळी भगवंतांनी सांगितली तिच्यातील पहिली कडी म्हणजे चिंतनाला खंड न पडणे. ज्या यंत्राला तळच नाही ते नेमके हेच साधते. स्मृतिभ्रंश म्हणजे गोष्ट विसरणे असा साधा अर्थ येथे नाही. शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने मनावर झालेल्या संस्काराची आठवण ऐन वेळी न होणे, असा आचार्यांचा अर्थ आहे. रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारा सज्जन गृहस्थ रात्री अकरा वाजता अपरिचित माणसाला शिवी लिहितो, त्या वेळी त्याला सहस्रातील एकही नाम आठवत नाही.

आहाराची शुद्धी झाली तर अंतःकरण शुद्ध होते, असा उपदेश छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहे. श्रीरामानुजाचार्य तेथे आहार म्हणजे अन्नच घेतात. श्रीशंकराचार्य मात्र, इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते ते सर्व, म्हणजे शब्दस्पर्शादी विषयांचे ज्ञान, असा अर्थ करतात. दोन्ही अर्थ मान्य करणाऱ्या गृहस्थाने एकादशीस साबुदाणा खावा की भगर याची जेवढी चौकशी करावी, तेवढी तरी चौकशी त्या दिवशी डोळ्यांनी आणि कानांनी काय घेतले याची करण्यास हरकत नसावी.

आता, मोबाइल टाकून द्यावा काय? असा आग्रह गीता धरणार नाही. सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग नाही म्हटले, तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हटले. ज्या यंत्रावर परगावी असलेल्या मुलाचा आवाज ऐकू येतो, ज्यावर घरबसल्या ज्ञानेश्वरीचे प्रवचन ऐकता येते, त्याला दोष देऊन काय साधणार? ज्या रविवारी राईनपाड्यात पाच जण मारले गेले, त्याच दिवशी रात्री मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांना याच वार्तेवरून जमावाने घेरले. तेथे मात्र स्थानिक रहिवासी आणि पोलिस मध्ये पडले, आणि ते पाचही वाचले. निरोप दोन्हीकडे एकच पोचला होता, यंत्रही एकच होते.

नियम करावयाचे तर ते थोडे आणि पाळता येण्याजोगे असावेत. कोणावर आरोप असलेला निरोप, तो स्वतः पडताळल्यावाचून, पुढे न पाठविणे हा एक. राग आल्यावर लिहिलेले उत्तर रात्रभर ठेवून सकाळी स्नानानंतर वाचणे हा दुसरा. दहापैकी नऊ उत्तरे मग पाठवावीशी वाटत नाहीत. सायंकाळी दिवा लावल्यापासून जेवण होईपर्यंत यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवणे हा ज्यांना जमेल त्यांच्यासाठी. भिंतीवर लिहून टांगण्याइतके हे कठीण नाही.

कठीण आहे ते दुसऱ्याची चूक दाखविणे, त्यातही वडीलधाऱ्यांची. समजा, घरातील काकांनी कुटुंबाच्या गटात एक खोटी वार्ता टाकली. पुतण्या सर्वांदेखत लिहितो, “काका, हे साफ खोटे आहे, काहीही पाठवीत जाऊ नका.” वाक्य सत्य आहे, हितकरही आहे, पण काकांच्या मनात क्षोभ उत्पन्न करणारे आणि अप्रिय आहे, तेव्हा चारांतील दोन अटी मोडल्या. काका दुखावतात आणि हट्टाने तशाच आणखी दोन वार्ता टाकतात. तोच पुतण्या सायंकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही सकाळी पाठविलेल्या त्या फितीचा पुढचा भाग मला मिळाला, पाहता का जरा?” तर काका चष्मा शोधतात, पाहतात, आणि बहुधा म्हणतात, “अरे, मला काय ठाऊक! काढून टाकता येते का रे ते?” आपल्या गटातून ते काढता येते, तेही ठरावीक मुदतीपर्यंतच. तेथून इतरांनी जे पुढे पाठविले ते काढता येत नाही. म्हणून ज्या ज्या ठिकाणी ते पाठविले असेल त्या प्रत्येक ठिकाणी, ही वार्ता खरी नाही, असे दोन ओळींत स्वतःच्या नावाने लिहावे लागते. आणि ते काकांच्याच हातून लिहिले जावे, पुतण्याने शेजारी बसून अक्षरे दाखवावीत.